डबकं चुकवायचं नाही

काकांचे बूट सिडनीच्या विमानतळावर धुतले गेले.

'बुटांना माती आहे' अशी खूण आगमनाच्या कार्डावर त्यांनी स्वतःच केली होती. लेकीने फोनवरून तशी तंबीच दिली होती. गणवेशातल्या अधिकारी बाईंनी जोडी उलटी केली, तळव्यांच्या खाचांत अडकलेली माती पाहिली आणि बूट आत नेले. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा ओले होते, पण दुकानातून आणल्यासारखे स्वच्छ. "राजमाचीची माती होती हो," काका पुढचे दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. "काजवे बघायला गेलो होतो. चाळीस वर्षांत माझ्या बुटांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. इथे पाहिलं ते एकदम धुऊनच दिले!"

काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील. आठवडाभर पुण्यातली बँक आणि रविवारी सह्याद्री, असं आयुष्य काढलेला माणूस. लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले आणि आठ दिवसांत मॉल आणि बागांना विटले. म्हणून जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही त्यांना आमच्या गटाबरोबर बूडी राष्ट्रीय उद्यानातल्या किनारवाटेवर न्यायचं ठरवलं.

त्याआधी चार दिवस पाऊस कोसळत होता. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रावर कमी दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो, त्याला इथे 'ईस्ट कोस्ट लो' म्हणतात. तो आला की वारा, पाऊस आणि खवळलेला दर्या असे तिघे मिळून येतात. काका खिडकीत उभे राहून म्हणाले, "याला तुम्ही मोठा पाऊस म्हणता?" त्यांचंही खरं होतं. सिडनीत वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. २०२२ साली २५३० मिलिमीटर पडला, १९५० चा विक्रम मोडला, रस्ते खचले आणि नदीकाठची माणसं वर्षभर सामान उचलून माळ्यावर ठेवत होती. महाबळेश्वरच्या एका साध्या वर्षाच्या मानाने तो पाऊस निम्माही नाही. पण आपल्याकडचा पाऊस येण्याची वेळ ठरवून येतो आणि जाण्याची वेळही. इथला कधीही येतो. त्यामुळे 'पावसाळी ट्रेक' असा वेगळा हंगाम इथे नाही. पाऊस पडून गेल्यावरचा रविवार असतो, एवढंच.

शनिवारी रात्री आमच्या लीडचा, म्हणजे गट नेणाऱ्या बाईंचा, निरोप आला. कुठल्या वाटा बंद आहेत ते उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर त्यांनी तपासलं होतं, आमची वाट उघडी होती. लाटा अजून मोठ्या आहेत, तेव्हा खडकावर उतरायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरेल. हिवाळ्यात अंधार पाचलाच पडतो, म्हणून आठला चालायला लागायचं. आणि शेवटची ओळ: बूट भिजणार आहेत, जादा मोजे आणा.

लीड म्हणजे एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान टेल, म्हणजे सगळ्यांत शेवटी चालणारे. मध्ये एक ग्रीक वंशाचा सुतार, नर्सिंग शिकणारी एक नेपाळी मुलगी, मैत्रीण, मी आणि काका. एकूण सात. गट लहान ठेवायचा ही इथली जुनी शिकवण आहे, पण चारपेक्षा कमी नको. त्यामागे साधा हिशेब आहे. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदत आणायला जातात. रानात एकट्याला पाठवायचं नाही. आठाच्या वर माणसं झाली की दोन घोळके पडतात आणि पुढचा घोळका मागच्याला विसरतो. काकांनी मान डोलावली. "आमच्याकडे हल्ली दोन-दोन बसगाड्या भरून येतात," ते म्हणाले. "लीड कुठे आणि टेल कुठे, त्याचा त्यांनाच पत्ता नसतो."

*

सिडनीहून उत्तरेला जाणारी लोकल हॉक्सबरी नदीवरचा लांब पूल ओलांडते आणि खाडीच्या कडेकडेने वॉय वॉयला येते. नदी त्या दिवशी चहाच्या रंगाची झाली होती. कोकणातल्या खाड्या आषाढात अशाच दिसतात, तेव्हा मला क्षणभर वाशिष्ठीचा भास झाला. वॉय वॉयहून पुढे गाडीने किलकेअर आणि तिथून पटी बीच. आमची वाट इथून सुरू होते आणि सुमारे आठ किलोमीटरवरच्या मॅकमास्टर्स बीचला संपते. एका हाताला प्रशांत महासागर, दुसऱ्या हाताला डोंगर आणि मधून ही वाट.

पहिल्याच वळणावर पहिलं डबकं आलं. वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, घोट्याएवढं. काकांनी चाळीस वर्षांच्या सवयीने डावीकडची झुडपं हाताने दूर सारली आणि कडेच्या गवतावर पाय ठेवायला गेले. मागून टेलआजोबांचा आवाज आला. मैत्रिणीने तो मराठीत सांगितला: "बाबा, बाजूने नाही. मधून."

"अगं, बूट भिजतील."

"भिजू द्या."

काका तिच्याकडे, मग डबक्याकडे पाहत राहिले. मग पाय बुडाले. थंड पाणी मोज्यात शिरलं तसा त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला.

या एका नियमावर इथल्या वाटा टिकून आहेत, हे कळायला मलाही पहिली दोन वर्षं गेली होती. वाटेवर पाणी साचतं. पहिला माणूस ते चुकवून कडेने जातो, त्याच्या पायाखाली कडेचं गवत मोडतं. दहावा जातो तेव्हा गवत मरून मुळं उघडी पडलेली असतात. शंभराव्याच्या वेळी तिथली माती सुटी होते, पुढचा पाऊस ती वाहून नेतो आणि डबकं कडेपर्यंत रुंदावतं. मग एकशे एकावा आणखी लांबून वळसा घालतो. अशी एक हात रुंदीची पायवाट पाहता पाहता बैलगाडी जाईल एवढी होते. माणसं मधून गेली तर डबकं डबकंच राहतं आणि चार उन्हात आटतं.

"लोहगडाच्या वाटेचं हेच झालं," काका मोजे पिळत म्हणाले. "आम्ही कॉलेजात असताना एकामागे एक चालायचो. आता चार चार वाटा समांतर जातात आणि चारही ओहोळ झाल्यात."

इथे ती बेफिकिरी अधिक महाग पडते. सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजला की चिकण माती होते आणि पहिल्या सरीला गवत तरारून येतं. बूडीचा दगड वालुकाश्म आहे, वीस कोटी वर्षांहून जुना, नद्यांनी आणून टाकलेल्या रेतीचा. त्याची माती म्हणजे वीतभर वाळू, तिच्यात कस नाही. बँक्सिया, गवतझाडं, बुटकी काटेरी झुडपं या गरिबीतच वाढायला शिकलेली आहेत, पण फार हळू. एकदा तुडवलेली कड पुन्हा भरायला वर्षं लागतात.

*

पाऊस पडून गेलेल्या दिवशी वाट कशी बांधली आहे ते उघडं पडतं. कोरड्या दिवशी सगळ्याच वाटा बऱ्या दिसतात. पाणी वाहून गेलं की कुठे कुणी डोकं चालवलंय आणि कुठे नाही, ते लहान मुलालाही कळावं. आमच्यातला सुतार तर चालता चालता थांबायचाच. वाटेवर तिरके रोवलेले दगड त्याने काकांना दाखवले. उतारावरून येणारं पाणी त्या दगडांना अडून बाजूच्या चरात वळलं होतं, त्यामुळे खालची वाट शाबूत होती. एके ठिकाणी दगड सरकला होता, तिथून खाली वीस पावलं वाट खोल घळ झाली होती. एक दगड आणि वीस पावलं! काकांनी वाकून तो दगड हलवून पाहिला. त्याला जागेवर बसवायला दोघे तरी लागले असते आणि परवानगीही. आम्ही त्या जागेचा फोटो काढला आणि पुढे निघालो. तो त्याच संध्याकाळी उद्यान खात्याला पाठवला.

मला श्रीवर्धनची पाखाडी आठवत होती. आजोळच्या वाडीपासून समुद्राकडे उतरणारी जांभ्या दगडाची ती पायऱ्यांची वाट भर श्रावणात कोरड्या पायांनी उतरता यायची, कारण कुणा पणजोबांनी तिच्या बाजूने पाणी काढून दिलं होतं. बांधणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

बूडीच्या बाबतीत निदान एक नाव माहीत आहे. मेरी बाइल्स. जन्म १९०० चा, इंग्लंडमधला. लहानपणी आईवडिलांबरोबर सिडनीला आल्या. पाम बीचच्या घरातून खाडीच्या तोंडापलीकडे हे डोंगर दिसायचे आणि मोठी झाल्यावर मैत्रिणींसोबत त्या तिकडे चालत गेल्या. १९२४ साली न्यू साऊथ वेल्समध्ये सॉलिसिटर होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना ऑक्सफर्डला कायदा शिकून तीसेक वर्षं वाट पाहिल्यावर वकिलीचा हक्क मिळाला, तोही याच सुमाराला. १९२७ मध्ये 'सिडनी बुश वॉकर्स' ही मंडळी एकत्र आली आणि 'बुशवॉकिंग' हा शब्द रूढ झाला. बुश म्हणजे इथलं रान. बाइल्स त्यांच्यात सामील झाल्या. ही माणसं फक्त चालत नव्हती. ब्लू माउंटन्समधलं 'ब्लू गम फॉरेस्ट' तोडलं जाणार असं कळताच त्यांनी वर्गणी काढली आणि १३० पौंडांत त्या जमिनीचा ताबा सोडवून घेतला.

बाइल्स यांनी अर्ज, पत्रं आणि सभा यांचा पाठपुरावा केला आणि १९३५ साली बूडी राखीव झालं. पण राखून ठेवलेल्या जागेला पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी शनिवार-रविवारी माणसं जमवून वाटा काढल्या. आपण ज्याला श्रमदान म्हणतो तेच. गडांवर टाक्यांतला गाळ काढणारी आपली पोरं करतात तसंच, फक्त नव्वद वर्षांपूर्वी. पुढे १९७१ मध्ये किनाऱ्यालगतचा समुद्राचा तुकडाही उद्यानात आला आणि तिथे मासेमारी बंद झाली.

काकांना खरी भिडली ती पुढची गोष्ट. बाइल्स यांना पुढे बुद्ध आणि गांधी यांच्या विचारांची ओढ लागली. त्या भारतात आल्या, बुद्धाच्या पाऊलखुणांवरून हिंडल्या, त्यावर १९५७ मध्ये पुस्तक लिहिलं. १९६३ च्या पुस्तकाच्या नावात तर कमळ आणि चरखा एकत्र आहेत. सिडनीच्या चेल्टनहॅम उपनगरातल्या आपल्या घराचं नाव त्यांनी ठेवलं 'अहिंसा', आणि १९७० साली ते घर रानासकट नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. काका मिनिटभर काही बोलले नाहीत. मग समोरच्या डबक्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे हे मधून जाणं अहिंसाच झाली की!" मैत्रीण हसली. मला मात्र ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही.

*

वाट चढली तसा समुद्राचा आवाज मागे पडला आणि पाण्याचे इतर आवाज सुरू झाले. पावसाने झाडांचे रंग बदलले होते. अँगोफोरा नावाचं निलगिरीच्या गोतातलं झाड उन्हाळ्यात साल टाकतं. त्याचं गुळगुळीत खोड भिजलं की नारिंगी पडतं, जणू आतून दिवा लावलाय. घळीत उंच पंख्यापंख्यांचे ताड होते. तिथेच एका पक्ष्याने चाबूक ओढल्यासारखा आवाज काढला, आणि लगेच दोन बारीक चिवचिवाट. व्हिपबर्ड. चाबूक नराचा, उत्तर मादीचं. ते इतकं चटकन येतं की ऐकणाऱ्याला एकच पक्षी वाटतो. हे कळण्याआधी मी तीन वर्षं तसंच समजत होते.

कातळावरून पाणी झिरपत होतं तिथे लीडबाई गुडघ्यावर बसल्या. बोटाच्या पेराएवढं लालसर रोप, पानांच्या केसांवर चिकट थेंब. काका ओरडलेच, "अरे, हा तर दवबिंदू!" कास पठारावर कीटक खाणारं हेच कुळ आहे, जात वेगळी. नापीक कातळ, पाझरणारं पाणी आणि जेवणासाठी चिलटं: सातारा असो की सिडनी, गरिबीचा संसार सारखाच. त्या दिवसातला तेवढाच क्षण असा होता, की काका सांगत होते आणि लीडबाई वहीत लिहून घेत होत्या.

अशा सपाट कातळांवर इथल्या मूळ रहिवाशांनी मासे, माणसं, प्राणी कोरून ठेवले आहेत. बूडीतच डेलीज पॉइंटला ते पाहता येतात. तिरप्या उन्हात, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर त्या रेघा उठून दिसतात. रत्नागिरीकडच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांची हीच गत. कातळ ओला झाला की खाचांत पाणी भरतं आणि वर्षभर पायाखाली असलेला हत्ती अचानक समोर येतो.

पाऊस दुसऱ्या पाहुण्यांनाही बाहेर काढतो. जळवांचं काकांना काही वाटलं नाही. "माझ्या रक्ताची त्यांना सवय आहे," म्हणाले. गोचीड मात्र त्यांना नवीन होती. पूर्व किनाऱ्यावरची ही गोचीड जनावराला लुळं करू शकते. माणसाला तिच्यामुळे आणखी एक विचित्र गोष्ट होते, ती सिडनीच्या डॉ. शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी दाखवून दिली: चावा घेतल्यानंतर काहींना मटण-बीफची ॲलर्जी जडते. रात्री जेवलेलं मध्यरात्री अंगावर उठतं. हे ऐकल्यावर कोल्हापूरच्या सासुरवाडीतल्या तांबड्या रश्श्याच्या भक्ताने पँटचे पाय मोज्यांत खोचले ते संध्याकाळपर्यंत काढले नाहीत.

*

मध्यान्हीच्या आत आम्ही मेटलँड बेच्या वर पोचलो. खाली चंद्रकोरीसारखा किनारा. उत्तरेकडच्या खडकांवर १८९८ च्या मे महिन्यात 'मेटलँड' नावाची चाकांची आगबोट वादळात फुटली. सिडनीहून न्यूकॅसलला निघाली होती, वीसहून अधिक माणसं गेली. किनाऱ्याचं जुनं नाव पुसलं जाऊन बोटीचंच नाव त्याला मिळालं. ओहोटीला तिचे गंजलेले अवशेष अजून दिसतात. माझ्या आजीच्या तोंडी 'रामदास' बोट होती. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली, शेकडो माणसं बुडाली. किनाऱ्यावरच्या माणसांना वादळाच्या तारखा पाठ असतात.

बोटीचे अवशेष बघायचे हा आमचा ठरलेला बेत होता. ओहोटीची वेळ साधूनच आम्ही आलो होतो. लीडबाई सगळ्यांना घेऊन वरच थांबल्या. म्हणाल्या, वीस मिनिटं नुसतं बघूया. पहिली दहा मिनिटं खडक मोकळा होता आणि काका चुळबुळत होते. "ओहोटी आहे, पाणी कुठे येतंय?" मग एक लाट आली. तिच्याआधीच्या पंधरा लाटांसारखीच दिसत होती. ती पूर्ण खडक धुऊन मागच्या कड्याला लागली आणि परत जाताना ओंडका घेऊन गेली. कुणी काही बोललं नाही. लीडबाईंनी एकेकाला विचारलं, सुरुवात सर्वांत लहान असलेल्या नेपाळी मुलीपासून. तिने मान हलवून नको म्हटलं. तिथेच बेत संपला. सगळ्यांत घाबरलेल्या माणसाचं मत शेवटचं मानायचं हा या गटाचा कायदा, आणि म्हणून तेच आधी विचारायचं.

चहा पिताना काकांनी लोणावळ्याची आठवण काढली. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते चित्रीकरण सगळ्या महाराष्ट्राने फोनवर पाहिलं. "पाणी वाढतंय हे त्यांना दिसत असणार," काका म्हणाले. "पण परत फिरूया असं पहिल्यांदा कोण म्हणणार? आमच्याकडे तसं म्हणणाऱ्याला भित्रा म्हणतात. मीही म्हटलंय." मग थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "आज इथे कुणी कुणाला भित्रा म्हटलं नाही."

समोर क्षितिजाजवळ पाण्याचा एक फवारा उडाला, मग दुसरा. हंपबॅक देवमासे उत्तरेकडच्या उबदार पाण्याकडे निघाले होते. बोट दिसली नाही, हे त्यानंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

*

मेटलँड बेहून मागे फिरल्यावर परतीच्या वाटेवर पुन्हा तेच पहिलं डबकं आलं. कडेची झुडपं सकाळसारखीच होती. काका पुढे होते. कुणी काही सांगितलं नाही. ते सरळ मधून गेले, पलीकडे थांबले आणि मागे वळून आम्ही कुठून येतो ते बघत राहिले.

गाडीपाशी लीडबाईंनी डिकीतून एक ब्रश आणि स्पिरिटची फवारणी बाटली काढली. रानातून बाहेर पडताना बूट घासायचे, कारण इथल्या ओल्या मातीत फायटोफ्थोरा नावाचा रोग फिरतो. मुळं कुजवतो, बँक्सियासारखी झाडं उभ्या उभ्या वाळवतो आणि एका डोंगरावरून दुसऱ्यावर बुटांच्या चिखलातून जातो. मी त्या रोगाच्या कुळाला लहानपणापासून ओळखते, तेव्हा नाव माहीत नव्हतं एवढंच. श्रीवर्धनच्या सुपाऱ्यांवर पावसाळ्यात पडणारा कोळेरोग त्याच कुळाचा. आजोबा पाऊस लागायच्या आधी मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारून घ्यायचे, आणि गळून पडलेली रोगट सुपारी वेचून वाडीबाहेर जाळायला लावायचे. "एकाने आळस केला तर सगळ्या आळीला भोवतं," हे त्यांचं म्हणणं असे.

काकांनी ब्रश सगळ्यांत आधी मागितला. गाडीच्या कडेला बसून ते बुटांची एकेक खाच काडीने उकरत होते, विमानतळावरच्या बाईंपेक्षा मन लावून. लेक म्हणाली, "बाबा, पुरे आता. घरी जाऊन धुवू."

"घरी नाही," काका म्हणाले. "इथली माती इथेच राहू दे. आणि दुसरी जोडी दे इकडे, तुझी."